'अजून उत्तर नाही' हे सांगायला फोन करणाऱ्या सरांना

सर,

तुम्ही दोनदा म्हणालात, 'सर' नको. पण नाव लिहायचं नाही हीही तुमचीच अट, आणि आमच्या घरात 'दादा' आधीपासून एक आहे. तेव्हा सरच राहू दे.

हे पत्र तुम्हाला एकट्याला पाठवता आलं असतं. उघड लिहितेय, कारण नोकरी गेल्यावर महिन्याभरात ज्यांनी ज्यांनी मला 'कळवतो' म्हटलं, त्यांच्यापैकी एखाद्याच्या तरी हे नजरेला पडावं. अकरा जण होते. वहीच्या मागच्या पानावर नावं लिहून ठेवली होती, म्हणून आकडा पक्का.

सुरुवात तुम्हाला माहीत आहे, वाचणाऱ्यांसाठी सांगते. २०२५चा ऑगस्ट. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारं विधेयक २० तारखेला लोकसभेत आणि २१ला राज्यसभेत मंजूर झालं, २२ला राष्ट्रपतींची सही झाली. तीन दिवसांत आमचा धंदा आटोपला. २७ला गणपती. मी लालबागला मखराचं सामान घेत होते, एका हातात लेस, दुसऱ्या हातात पिशवी, आणि ऑफिसातून फोन आला: सोमवारपासून येऊ नका, पुढचं कळवतो. पुढचं आलं ते विसर्जन उरकल्यावर, ईमेलने. त्यात माझं आडनावही चुकलेलं होतं.

कायदा चूक होता असं मी म्हणणार नाही. तीन वर्षं रात्रपाळीला मी त्या खेळांत पैसे हरलेल्यांचे मेसेज वाचलेत. 'मॅडम, पोराच्या फीचे पैसे होते, अर्धे तरी परत द्या.' पहाटे तीन वाजता. त्यावर आम्ही काय पाठवायचो? एक बटण दाबलं की तयार उत्तर जायचं: आपली तक्रार नोंदवली आहे, ४८ तासांत कळवू. ४८ तासांनी काय व्हायचं ते मला माहीत होतं. काही नाही व्हायचं. म्हणजे त्या अकरा जणांवर मी दातओठ खाते खरी, पण मी स्वतः किती हजार वेळा 'कळवतो' म्हटलंय याचा हिशोबच नाही. हे तुम्हाला पहिल्याच बोलण्यात सांगितलं तेव्हा तुम्ही हसलाही नाहीत आणि समजूतही घातली नाहीत. 'बरं झालं सांगितलंत,' एवढंच म्हणालात.

तुम्ही मला ओळखत नव्हता. मी तुम्हाला ओळखत होते, ते दादामुळे. भांडुपला कोकणनगरात आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत कॉम्प्युटर आला तो लॅमिंग्टन रोडवरचा सेकंडहँड. दादाने मॉनिटर मांडीवर घेऊन लोकलने आणला होता. गेम विकत घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरून जुनी मासिकं आणायची आणि त्यातल्या सीडीवरचे डेमो खेळायचे. डेमो म्हणजे गेमचा एखादाच टप्पा. तोच आम्ही महिनाभर खेळायचो. सीडीवर ओरखडे निघाले की मग नाइलाजाने मासिक वाचायचं. त्यात तुमची परीक्षणं असायची. दादाच्या लाडक्या मोटारशर्यतीच्या गेमला तुम्ही दहापैकी सहा दिलेत, कारण काय, तर पावसात आणि कोरड्या रस्त्यावर गाडी सारखीच वळते. दादाने ते पान रागाने फाडून घेतलं आणि अजून जपून ठेवलंय.

पुढे मासिक बंद पडलं, तुम्ही वेबसाइटवर गेलात. तिथे जाहिराती मोबाइलच्या, म्हणून गेम बाजूला ठेवून मोबाइलची परीक्षणं लिहिलीत. काउंटर-स्ट्राइक या गोळीबाराच्या गेमच्या स्पर्धांना माइकवर समालोचन केलंत, एकदा तर घसा बसलेला असताना. पुण्यात तयार झालेल्या 'राजी' या गेमसाठी २०१७मध्ये किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून वर्गणी गोळा करायच्या वेबसाइटवर, पुरेसे पैसे जमले नव्हते आणि तरी २०२०मध्ये तो गेम आला, त्यावर तुम्ही लिहिलेलं मी अजून लोकांना पाठवते. मग लिहिणं सोडून तुम्ही एका गेम कंपनीत कम्युनिटी मॅनेजर झालात. 'विकला गेला' म्हणणारे होतेच. तुम्ही मला म्हणालात, मी काही पहिला नाही. अमेरिकेत १९८१ला निघालेल्या 'कॉम्प्युटर गेमिंग वर्ल्ड' मासिकाचा त्या नावाने शेवटचा अंक २००६ला आला, आणि त्याचा संपादक जेफ ग्रीनही पुढे गेम कंपनीतच नोकरीला लागला. हे सांगताना तुमचा आवाज जरा जास्तच हलका झाला होता. मी काही विचारलं नाही.

कम्युनिटी मॅनेजर म्हणजे काय, हे माझ्या आईला अजून कळलेलं नाही. मी तिला सांगते, सोसायटीचा सेक्रेटरी असतो ना, तसं. पाणी आलं नाही की सगळे त्याच्या दारात, आणि पंप काही त्याच्या हातात नाही. गेम क्रॅश झाला, सर्व्हर बसला, कुणाचं अकाउंट चुकून बॅन झालं, शिव्या तुम्हाला. आतले प्रोग्रामर म्हणणार, तुझी माणसं फार कटकट करतात. मृदंगासारख्या दोन्हीकडून थापा. २ सप्टेंबर २०२०ला आणखी ११७ अ‍ॅपसोबत पब्जी मोबाइलवर बंदी आली, त्या रात्री तो खेळणारी सगळी पोरं तुमच्या डिस्कॉर्डवर, म्हणजे गेमवाल्यांच्या गप्पांच्या ग्रुपवर, येऊन धडकली. गेम तुमचा नव्हताच. त्यांत आमच्या चाळीतलाही एक पोरगा होता. तो सांगतो, सकाळपर्यंत तुम्ही एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत लिहीत होता: मला माहीत नाही, अफवा पसरवू नका, झोपा.

आता त्या फोनांबद्दल.

मी तुम्हाला मेसेज केला तो ऐन पितृपक्षात, 'आत्ता नवीन काही सुरू करू नकोस' म्हणून आईने बजावलेलं असताना. तुमच्या कंपनीत एक जागा होती. तुम्ही म्हणालात, निवड माझ्या हातात नाही, पण तुमचं नाव पुढे करतो आणि गुरुवारी संध्याकाळी साडेसातला फोन करतो. मी म्हटलं, 'उत्तर आलं तर करा.' तुम्ही म्हणालात, 'नाही आलं तरी करतो.'

मनात म्हटलं, हे बारावे.

गुरुवारी मी वाल सोलत बसले होते. मोड आलेले वाल कोमट पाण्यातून काढून दाबले की डाळिंबी सुटते आणि साल बोटाला चिकटून बसते, ज्यांनी सोललेत त्यांना माहीत आहे. बरोबर साडेसातला फोन वाजला. हात पुसायला जवळ काही नव्हतं, करंगळीने स्पीकर लावला. तुम्ही म्हणालात, 'अजून उत्तर आलेलं नाही. परवा मी आठवण केली होती, साहेब बाहेरगावी आहेत. पुढच्या गुरुवारी पुन्हा करतो.' मिनिटभरही लागलं नसेल. फोन बंद झाल्यावर मी तशीच बसून राहिले. स्क्रीनवर वालाची एक साल चिकटली होती. आईने विचारलं, 'काय गं, मिळाली?' म्हटलं, 'नाही.' 'मग रडतेस कशाला?'

तिला काय सांगणार? महिनाभर मी फोन उशाशी घेऊन झोपत होते. मोरीत अंघोळीला जाताना तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून खिडकीत ठेवायचे. 'कळवतो' म्हणणारा म्हणून मोकळा होतो, ज्याला म्हटलं त्याचे सगळे दिवस अडकून पडतात. तुम्ही साडेसातची वेळ दिलीत, त्यामुळे गुरुवार सोडून बाकीचे दिवस माझे मला परत मिळाले. दुसऱ्या दिवशी मी फोन घरी ठेवून बाजारात गेले. कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवालीशी भांडले. किती दिवसांनी!

२५ला पुन्हा तेच, उत्तर नाही. २ ऑक्टोबरचा गुरुवार म्हणजे दसरा. आज कसला फोन येतोय, असं म्हणून मी आपट्याची पानं द्यायला शेजारी निघाले होते. साडेसातला वाजला. तुमच्या मागे पाहुण्यांचा गलका ऐकू येत होता, बहुतेक तुम्ही जिन्यात येऊन बोलत होता. 'आजही नाही. सोनं घ्या.' मी म्हटलं, 'सोन्यासारखे राहा.' संपला फोन.

९ ऑक्टोबरला उत्तर आलं. नकार. तो तुम्ही 'एकंदर परिस्थिती बघता' वगैरे काही न लावता सांगितलात आणि का ते सांगितलंत. नमुन्यादाखल मी जी उत्तरं लिहून दिली होती ती सगळी बटण दाबून आल्यासारखी होती. झोंबलं, कारण खरं होतं. मग तुम्ही म्हणालात, हीच पाच उत्तरं मराठीत लिहा, आईला सांगताय असं समजून. लिहिली. तुम्ही त्यांची प्रिंट काढून लाल पेनाने तपासलीत आणि पानांचे फोटो पाठवलेत, मासिकातली जुनी खोड. 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' याच्याखाली रेघ मारून तुम्ही लिहिलं होतं: 'कोण दिलगीर? नाव?'

पुढे कुणी कुणाला सांगितलं, मुलाखती किती झाल्या, ते लिहीत बसत नाही. जानेवारीपासून मी गोरेगावला एका छोट्या गेम स्टुडिओत आहे. दिवसपाळी, पगार आधीपेक्षा कमी.

अकरांतल्या एकाबद्दल मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्यांनी 'छोटीशी टेस्ट' म्हणून माझ्याकडून खेळणाऱ्यांच्या प्रश्नांना पन्नास उत्तरं लिहून घेतली. रविवार गेला त्यात. कळवतो म्हणाले. तीन आठवड्यांनी त्यांच्याच अ‍ॅपमध्ये मी ती उत्तरं वाचली, माझ्या शुद्धलेखनाच्या चुकांसकट. निदान चुका तरी सुधारायच्या.

सोडा. मागे एकदा कांजूरमार्गच्या अलीकडे आमची गाडी पाऊण तास उभी होती. बायकांचा डबा, उकाडा, कुणी कुणाच्या अंगावर ओरडतंय, कुणी रेल्वेला शिव्या घालतंय. रुळांवरून चाललेला एक गँगमन खालून वर बघत म्हणाला, 'वायर तुटलीय ताई, अजून तासभर लागेल.' त्याला कुणी विचारलंही नव्हतं. डबा एकदम शांत झाला. एकीने घरी फोन लावून कुकर लावायला सांगितलं, दुसरीने पिशवीतून मेथी काढून निवडायला घेतली, माझ्या शेजारणीने चक्क झोप काढली. त्या माणसाचं तोंडही मला नीट दिसलं नाही, पण तुमच्या पहिल्या फोननंतर मला तोच आठवला.

गेल्या आठवड्यात आमचा सर्व्हर बसला. मी लिहिलं, 'अजून सुरू झालेला नाही. सहा वाजता पुन्हा सांगते.' खाली नाव घातलं. सहाला लिहिलं, 'अजूनही नाही. आता आठला सांगते.' आमचे प्रोग्रामर म्हणाले, काही झालंच नाही तर लिहितेस कशाला? तेवढ्यात एका पोराचं उत्तर आलं: 'ठीक आहे ताई, मग जेवून येतो.'

हे पत्र दादाला वाचून दाखवलं. तो म्हणतो, सगळं बरोबर आहे, माणूस चांगला आहे, पण त्या गेमला सहा म्हणजे अन्यायच. पान त्याने कपाटातून काढून माझ्यासमोर ठेवलंय. भांडुपला याल तेव्हा त्याच्याशी वाद घालायची तयारी ठेवून या. डाळिंबीची उसळ मी करते. दिवस आणि वेळ तेवढी आधी सांगा.

तुमची,
भांडुपची उमेदवार