आत्ता वाफे आख, पण मे डोळ्यांसमोर ठेवून

सोलापूर,
मार्गशीर्ष

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार.

जुळे सोलापुरातल्या घराचा ताबा मिळाला हे वाचून फार आनंद झाला. मागच्या मोकळ्या जागेसाठी रोपांची यादीही धाडलीस! यादी देखणी आहे, पण इतकी वर्षं कोल्हापूरच्या पावसात बाग केलेल्या बाईची आहे. आपल्याकडे बाग थंडीत बहरते आणि तिचा कस लागतो तो एप्रिल-मेमध्ये. नळाला पाणी रोज येत नाही हे तुला ठाऊकच आहे. तेव्हा मेमध्ये जेवढ्यांना पाणी पुरेल, तेवढीच कायमची झाडं लाव.

आणखी एक, ऊन नीट बघ. आत्ता सूर्य दक्षिणेकडे कललेला आहे, त्यामुळं घराच्या उत्तरेला दिवसभर सावली दिसेल. तिच्यावर विसंबू नकोस. मेच्या मध्याच्या सुमारास सोलापुरात सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो आणि त्या भिंतीलगतही ऊन पोचतं. खरा त्रास पश्चिमेचा. तिकडं शेवगा लाव. लवकर वाढतो, पाणी कमी मागतो आणि मागच्या वाफ्यांना सावली देतो.

माती खणून बघितल्याशिवाय काही लावू नकोस. नव्या घराभोवती मुरूम आणि सिमेंटचा राडा पडलेला असतो, तो उचलून घे. आपली काळी माती मुळातच चुनखडीची. त्यात सिमेंट मिसळलं की पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. चांगलं कुजलेलं शेणखत भरपूर घाल. आणि थंडीत रोज पाणी नको गं, काळी माती ओल धरून ठेवते. बोट खुपसून बघायचं, मगच पाणी.

मेथी, पालक, चुका, कोथिंबीर आत्ताच पेर. मेथी महिन्याभरात हाताशी येते, म्हणून एकदम न पेरता आठ-दहा दिवसांच्या अंतरानं पेरायची. धणे रगडून, भिजवून पेर. ऊन तापलं की कोथिंबीर फुलावर येते, तेव्हा तिचा हंगाम आत्ताचाच. वालावर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, दिसला तर पाण्याचा जोरदार फवारा मार, नाहीच हटला तर संध्याकाळी निंबोळी अर्क. लाल, काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे दिसले तर काहीच फवारू नकोस, मावा ते स्वतःच खातात.

मोगऱ्याचं मला मनापासून सांगायचंय. त्याचं पाणी आता तोडायचं, जानेवारीत छाटणी करायची, मग खत घालून पाणी सुरू करायचं. उन्हाळ्यात कळ्यांनी लगडतो! कुंड्यांतले मोगरे आणणारच आहेस, तर आजपासूनच पाणी कमी कर. लिंबाला मात्र दुहेरी आळं कर: खोडाजवळचं आळं कोरडं, पाणी बाहेरच्या आळ्यात. खोडाशी पाणी साचलं की डिंक्या होतो, खोडातून डिंक गळायला लागतो.

सध्या ऊसतोड चालू आहे. शेतात पाचट पडलेलं असतं, पुष्कळदा जाळूनच टाकतात. मी दोघींपुरतं आणून ठेवते. फेब्रुवारी संपता संपता झाडांभोवती जाड पसरायचं, खोडापासून चार बोटं सोडून, म्हणजे वाळवी खोडाला भिडत नाही.

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला येशीलच, तेव्हा मुक्कामालाच ये. त्याआधी जागेची लांबी-रुंदी आणि पश्चिमेची भिंत किती उंच आहे ते कळव. गवार-भेंडीचं घरचं बी मी तुझ्यासाठी वेगळं काढून ठेवलंय.

तुझी,
मंगल