क्रुक्सच्या पत्त्यावरून शेवटचं पत्र

शेफील्ड,
14 सप्टेंबर 2025

ती. बाबांस आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, हे पत्र तुम्हीच आईला मोठ्यानं वाचून दाखवा. दादाला किंवा वहिनीला वाचायला देऊ नका. तुम्हाला सोपं जावं म्हणून अक्षर मोठं काढलंय. वाचताना मशीन कानात असू द्या, डबीत नको. आई मध्येच काही बोलली तर ऐकू यायला हवं. आणि आई, तू पाय वर घेऊन नीट बस, गुडघ्याखाली उशी घे.

तीन रविवार फोनवर सांगेन म्हणत होते आणि तिन्ही वेळा आंबोळीच्या पिठाबद्दल बोलून फोन ठेवला. म्हणून आधी मुख्य गोष्ट सांगून टाकते. इथलं, क्रुक्सचं घर विकलं. सह्या जुलैतच झाल्या, 26 तारखेला किल्ल्या द्यायच्या आहेत. 30 ला लायब्ररीतली नोकरी संपते. आणि नोकरी संपली की कायमची पुण्याला येईन, असं 1997 पासून तुम्हाला सांगत आले, ते मी करणार नाहीये. इथेच शेफील्डात, शॅरोला, तळमजल्यावर एक छोटं घर घेतलंय.

पण येणारच नाही असं मुळीच नाही. 15 ऑक्टोबरला दिवाळीसाठी येतेय, ती फेब्रुवारीअखेरपर्यंत राहणार आहे. तिकीटही काढलं. दरवर्षी असंच साडेचार महिने. आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन डिसेंबरात, तेव्हा मीच असेन. थेंब मीच घालेन. घर का विकलं तेही सांगते. तो चढ आता मलाही झेपत नाही. गेल्या जानेवारीत बर्फावरून घसरले होते, तेव्हा तुम्हाला बोलले नाही. छप्पर गळत होतं, बॉयलर जुना झाला होता, वरच्या दोन खोल्या जावई गेल्यापासून बंदच होत्या. तुम्ही 1973 मध्ये कर्ज काढून, ओव्हरटाइम करून घेतलेलं घर आहे, हे एक दिवस विसरले नाही. घेणारं जोडपं चांगलं आहे. दोघंही नर्स आहेत, बाळ येतंय. मागच्या अंगणातला आईचा गुलाब काढणार नाही असं त्यांनी आपणहून सांगितलं.

ही सगळी कारणं खरी आहेत. पण पुण्याला कायमची का येत नाही, याचं उत्तर त्यात नाही. ते द्यायचं तर जे चाळीस वर्षं सांगितलं नाही, तेच सांगावं लागेल.

जूनच्या शेवटी लेडमिल बंद झालं. स्टेशनजवळच्या लेडमिल रोडवरची ती जुनी पिठाची गिरणी, जिच्यात 1980 मध्ये गाण्याबजावण्याचा क्लब सुरू झाला. जागेच्या भाडेकराराचा खटला हरल्यावर त्यांना 45 वर्षांचा संसार आवरावा लागला. त्या आठवड्यात मी एका संध्याकाळी नुसती बाहेर जाऊन उभी राहिले. माझ्या वयाची कितीतरी माणसं तशीच उभी होती. कोणी भिंतीला हात लावत होतं, कोणी रडत होतं. मला तुम्हा दोघांची फार आठवण आली. आपल्या घरात त्या जागेचं नावही कधी निघालं नव्हतं, तरी आली.

आई, शुक्रवारी रात्री मी कुरळीकडे फिजिक्सच्या अभ्यासाला जायचे नाही. म्हणजे तिच्याकडे जायचे, पण पुस्तकं तिथे ठेवून आम्ही दोघी 52 नंबरच्या बसनं गावात जायचो. तेव्हा बसचं भाडं किती कमी होतं आठवतंय? मुलांना 2 पेन्स. कौन्सिलनं वर्षानुवर्षं दर वाढवलेच नाहीत, 1986 पर्यंत. त्या भाड्यामुळे टेकड्यांवरच्या आम्हा पोरांना गाव आपलं वाटायचं. कॅसल स्क्वेअरला रस्त्याखाली ते मोठं गोल भुयार होतं, भिंतीत माशांची टाकी असलेलं. तू मला लहानपणी तिथे मासे दाखवायला न्यायचीस. सगळे त्याला ‘होल इन द रोड’ म्हणायचे आणि सगळ्यांच्या भेटी त्या टाकीपाशीच ठरायच्या. 1994 मध्ये ते भुयार बुजवलं, पण अजूनही तिथून जाताना माझी नजर खाली जाते.

तिथून वेस्ट स्ट्रीटवरच्या लिमिट नावाच्या क्लबला. तळघर होतं ते. पायऱ्या उतरतानाच उष्ण हवा तोंडावर यायची, गालिचा असा चिकट की पाऊल उचलताना आवाज व्हायचा. छत इतकं खाली की उंच पोरं मान वाकवून नाचायची. आमचं वय तिथे चालणारं नव्हतं, तेही आता कबूल करते. बिअरला मी हात लावला नाही. लिंबू सरबतासारखं काहीतरी घेऊन रात्रभर पुरवायचे. मी गाण्यांसाठी जात होते, आई, यावर विश्वास ठेव.

आणि ती गाणी कशी होती! आपल्या गावातल्या पोरांनी तेव्हा ढोल आणि गिटार बाजूला ठेवून नुसत्या विजेच्या पेट्यांवर, म्हणजे सिंथेसायझरवर, गाणं उभं केलं होतं. ह्यूमन लीग हा आपल्या गावचा बँड. ते 1978 मध्ये पहिल्यांदा सॉल्टर लेनच्या आर्ट कॉलेजात वाजले, तेव्हा त्यांच्याकडे ढोलवादक नव्हताच; त्याऐवजी टेप लावलेली. मागे पडद्यावर स्लाइड्स नंतर आल्या. कॅबरे व्होल्टेअर या दुसऱ्या बँडवाल्यांनी जुन्या कारखान्याच्या इमारतीत स्वतःचा स्टुडिओ थाटला होता. चाकूसुऱ्यांचे कारखाने एकेक करून बंद पडत होते, रिकामे गाळे स्वस्तात मिळत होते, त्यांत हे सगळं चालायचं. मी पहिल्यांदा तो लांबलचक, न तुटणारा सूर ऐकला तेव्हा मला तुझी पेटी आठवली. पहाटे तू सा धरून बसायचीस ना, तसाच. फक्त भाता नाही, श्वास नाही. तुला तेव्हाच ऐकवायला हवं होतं. तू काहीतरी नेमकं बोलली असतीस. फिएस्टाला बोलली होतीस तसं.

फिएस्टा आठवतंय? अरुंडेल गेटवरचा तो प्रचंड नाइट क्लब. हॉस्पिटलच्या नाताळच्या जेवणाला तुम्ही दोघं गेला होता. तू जांभळी पैठणी आणि वर बाबांचा ओव्हरकोट. मी आणि दादा शेजारच्या आजींकडे. रात्री आलीस आणि पदराची पिन काढता काढता म्हणालीस, “बाईचा आवाज गोड आहे, पण श्वास चुकीच्या जागी घेते.” मी पांघरुणात जागी होते. गाणाऱ्याच्या श्वासाकडे लक्ष द्यायचं, हे मी त्या रात्री शिकले आणि पुढे प्रत्येक क्लबात तेच केलं.

शेजारच्या आजी सांगायच्या, की जो कॉकर नावाचा गायक आपल्याच क्रुक्समध्ये वाढला, गॅस बसवायचं काम करायचा आणि रात्री गायचा. तो 1969 मध्ये अमेरिकेत वुडस्टॉकला जाऊन गायला, त्याच वर्षी बाबा इथे आले. गंमत म्हणजे साठीच्या दशकात लेडमिलच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एस्क्वायर नावाचा क्लब होता आणि हा कॉकर तिथे गायचा. पिठाच्या गिरणीत पिढ्यान्‌पिढ्या गाणं दळलं गेलं, असं आजी म्हणायच्या.

बाबा, आता तुमच्याबद्दल. डॉन नदीच्या खोऱ्यात रात्रंदिवस हातोडे पडायचे. झोपताना उशीला कान लावला की दुरून तो ठोका यायचा. तुमच्याकडे त्या भट्ट्यांवरचे कामगार यायचे, पन्नाशीतच कान गेलेले. तुम्ही जेवताना हळहळायचात. नंतर त्या गाणाऱ्या पोरांपैकी काहींनीही सांगितलं, की त्यांच्या ठेक्यात तोच हातोडा आहे. 1980 च्या सुरुवातीला पोलाद कामगारांचा तीन महिन्यांचा संप झाला, मग कारखाने भराभर मिटत गेले आणि रात्री शांत व्हायला लागल्या. ठोका उरला तो तळघरांत.

एका शनिवारी सकाळी तुम्ही मला दोनदा हाक मारलीत आणि मला ऐकू आली नाही. तुम्ही काही न विचारता बॅगेतला दिवा काढून माझ्या कानात पाहिलंत. “शिट्टी वाजते का गं?” मी नाही म्हटलं. तुम्ही बॅग बंद केलीत. पुढच्या शुक्रवारी माझ्या कोटाच्या खिशात पिवळ्या स्पंजाची दोन बुचं होती, तुम्ही भट्टीवाल्यांना द्यायचात तीच. तेव्हापासून मी ती घालूनच गेले. एकसष्टाव्या वर्षी माझे कान शाबूत आहेत ते तुमच्यामुळे. तुम्हाला माहीत होतं हे मला माहीत होतं, आणि तरी आपण कधी बोललो नाही. आज तुमच्या कानाला मशीन लावावं लागतं, तेव्हा मला हे आठवून भरून येतं.

एक राग मनात होता, तोही सांगते, कारण तो आता उरलेला नाही. ह्यूमन लीग 1980 मध्ये फुटलं तेव्हा त्यांच्या गायकाला, फिल ओकीला, क्रेझी डेझी या डिस्कोत नाचणाऱ्या दोन मुली दिसल्या, जोआन आणि सुझान. शाळेतल्या मुली, सतरा-अठराच्या. त्यानं त्यांना थेट दौऱ्यावर बोलावलं आणि घरच्यांनी हो म्हटलं. पुढच्या वर्षीच्या नाताळात त्यांचं गाणं देशात पहिल्या क्रमांकावर होतं. माझ्यापेक्षा एक-दोन वर्षांनी मोठ्या, त्याच बसमधून फिरणाऱ्या. मला मात्र हॅलोवीनच्या पार्टीलाही जाऊ दिलं नव्हतंत. फार रडले होते. पण परक्या गावात, रात्रीच्या पाळ्या करून, दोन मुलांना सांभाळणाऱ्या माणसांना भीती वाटणारच. मेडिकलचं जे झालं ते झालं. त्यातही तुमचं काही चुकलं असं मी मानत नाही.

आणि आई, बसमधला तो दिवस. मी तेरा वर्षांची. तुझ्या साडीवर तो माणूस थुंकला होता आणि तू रुमालानं पुसून खिडकीबाहेर बघत राहिलीस. आपण पुन्हा त्यावर बोललो नाही. त्यानंतर बरीच वर्षं मला हे गाव नको होतं. मग त्या तळघरात, दिवे गेले की कोणी कुठली तू असं विचारायचं नाही. सगळी माणसं देवमाणसं होती असं नाही म्हणत. पण शेकडो माणसं एकाच वेळी एक ओळ म्हणत आणि त्या ओळीतला शब्द न् शब्द मलाही यायचा. कुरळीचे आईवडील जमैकाचे, माझे पुण्याचे, पलीकडचा पोरगा बेकार झालेल्या पोलादवाल्याचा. मी या गावची झाले ती शाळेत नाही, तिथे झाले. 84-85 च्या खाणसंपात आम्ही संपावरच्या घरांसाठी शिधा गोळा करायचो, तेव्हा तू विचारलं नाहीस कुणासाठी, नुसती तांदळाची पिशवी काढून दिलीस. ती तिकडेच गेली, त्याच माणसांकडे.

म्हणून मी इथली आहे, आणि तुमचीही आहे. पुण्यात मी तुमची मुलगी म्हणून येईन, पण माझं म्हणावं असं गाव मला तिथे नव्यानं करता येणार नाही. दर बुधवारी आम्ही काही जण जुनी तिकिटं, हँडबिलं, फोटो गोळा करतोय, लोकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करतोय. त्यातली कितीतरी माणसं आता सत्तरीपलीकडची आहेत. ते काम मला सोडवत नाही.

“आमची काळजी करू नकोस” असं म्हणाल, पण मी करणारच. रात्रीच्या मावशींशी बोलणं झालंय, 1 तारखेपासून त्या नऊ ते सहा येतील. त्यांना चहा देत बसू नकोस, आई, त्या करून घेतील. बाथरूममध्ये दोन दांडे बसवायला माणूस गुरुवारी येईल. बाबा, “मला गरज नाही” असं म्हणून त्याला परत पाठवायचं नाही. बीपीची गोळी सकाळी आठला, वर्तमानपत्र संपल्यावर नाही. माळ्यावरचे फराळाचे डबे मी आल्यावर काढीन, स्टुलावर कोणीही चढायचं नाही. इन्व्हर्टरची बॅटरी दादानं बदललीये. डब्यात तेल जास्त वाटलं तर मला सांगा, बाईंना तुम्ही बोलू नका. घराचे जे पैसे आलेत त्यातला तुमचा वाटा तुमच्याच खात्यात येईल. नको म्हणू नका.

पेटी मी ठेवून घेते आहे, आई. रागावू नकोस. तिच्या दोन पट्ट्या दबत नाहीत, पण सा अजून लागतो. शॅरोला खिडकीपाशी तिची जागा ठरवलीये.

आणि एक विचारायचं राहिलं. बुचं बाबांची, ते कळलं. पण त्याच कोटाच्या आतल्या खिशात दर शुक्रवारी एक पौंडाची घडी घातलेली नोट असायची. शेवटची बस चुकली तर टॅक्सीसाठी पुरेल अशी. मी ती कधी खर्चली नाही, दर वेळी चढ चालत आले, आणि नोट तिथेच असायची. 1983 मध्ये मी घर सोडलं तोपर्यंत. तुम्हा दोघांपैकी कोणी ठेवली होती? की दोघांनाही एकमेकांचं माहीत नव्हतं? आत्ता हे वाचून होईल तेव्हा एकमेकांना विचारा आणि रविवारी फोनवर मला सांगा. नोट माझ्याकडे आहे. येताना घेऊन येते.

तुमची,
बेबी