स्तनातील गाठीच्या दिवसांत मदतीला आलेल्या सर्वांचे आभार

दुधाची वाहिनी तुंबून काखेलगत टणक गाठ आली आणि कपड्याचा स्पर्शही सोसवेना, तेव्हा कामाची पाळी संपल्यावरही थांबून, बाळाच्या तोंडात केवळ स्तनाग्र नव्हे तर भोवतीचा काळसर भागही कसा जाईल हे हाताला धरून दाखवणाऱ्या परिचारिकेचे मी मनापासून आभार मानते. गाठ जोर लावून चोळल्यास सूज वाढते, म्हणून बोटे अलगद काखेकडे फिरवावीत, पाजून झाल्यावर थंड घडी ठेवावी आणि त्या बाजूने पाजणे थांबवू नये, असे त्यांनी सांगितले. पंपाने सतत दूध काढल्यास ते आणखी तयार होते, हेही त्यांच्यामुळेच कळले. नाहीतर सल्ल्यांना (विशेषतः न मागितलेल्या) तोटा नव्हता.

स्तनपानात चालणारी वेदनाशामक गोळी सुचवून, ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर ताप, लालसरपणा व अंगदुखी जाणवल्यास तत्काळ येण्यास बजावणाऱ्या डॉक्टरांची मी ऋणी आहे. दवाखान्यात माझे रडणारे बाळ आपणहून कडेवर घेणाऱ्या अनोळखी ताईंचे नावही विचारायचे राहिले. त्यांनाही माझे मनःपूर्वक धन्यवाद.