नव्या भागातून लॅन, स्वतंत्र सर्व्हर आणि मॅप एडिटर वगळल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : आपल्या शूटर (गोळीबाराच्या) व्हिडिओ गेम मालिकेच्या नव्या भागाची आगाऊ नोंदणी घेताना दिलेली माहिती आणि चाचणी आवृत्तीत प्रत्यक्ष दिसलेला गेम यांतील तफावतीबाबत.

महोदय,

मी परभणीचा रहिवासी असून आपल्या मालिकेचा पहिला भाग बाजारात आला तेव्हापासून तिचा ग्राहक आहे. नव्या भागाची घोषणा झाल्यावर मी आपल्या अधिकृत ऑनलाइन दुकानातून विशेष आवृत्तीची आगाऊ नोंदणी केली आणि पूर्ण रक्कम भरली. त्या पावतीची प्रत सोबत जोडली आहे. हा भाग मालिकेला तिच्या मुळाकडे परत नेणारा आहे आणि जुन्या पद्धतीची मल्टिप्लेअर (अनेकांनी मिळून खेळायची) मॅच त्यात पूर्ण स्वरूपात मिळेल, असे नोंदणीच्या पानावर लिहिलेले होते. नोंदणीधारकांसाठी खुली केलेली चाचणी आवृत्ती खेळल्यावर आणि त्यानंतर आपण प्रसिद्ध केलेला खुलासा वाचल्यावर हे विधान वस्तुस्थितीला धरून नाही, अशी माझी खात्री झाली आहे. नव्या भागात लॅनवर, म्हणजे जवळचे संगणक इंटरनेटशिवाय थेट एकमेकांना जोडून, खेळण्याची सोय नाही, खेळाडूंना स्वतःचा सर्व्हर (मॅच चालवणारा मुख्य संगणक) चालवता येणार नाही, स्वतःचे मॅप, म्हणजे खेळाची मैदाने, बनवण्याचा मॅप एडिटर मिळणार नाही, आणि घरी एकट्याने बॉटविरुद्ध (संगणकाने चालवलेल्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध) खेळायचे म्हटले तरी आपल्या सर्व्हरशी सतत जोडलेले राहावे लागणार आहे. पैसे घेण्यापूर्वी यांपैकी एकही गोष्ट आपण ग्राहकाला सांगितली नव्हती.

प्रत्यक्ष खेळाबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच नमूद करतो. उडी मारताना दिशा बदलत वेग वाढवत नेण्याची जुनी हातोटी चाचणी आवृत्तीत अचूक उतरली आहे, पायाशी रॉकेट फोडून वरच्या मजल्यावर पोहोचता येते आणि सगळी शस्त्रे एकाच वेळी जवळ बाळगता येतात. या शेवटच्या गोष्टीचे मोल आपल्या क्षेत्रातील जाणकारांना सांगायला नको. १९९७ मध्ये घोषित झालेला शूटर गेम 'ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर' २०११ मध्ये एकदाचा आला, तेव्हा त्यात एका वेळी दोनच शस्त्रे बाळगण्याची मर्यादा होती आणि जुन्या चाहत्यांना ती इतकी खटकली की पुढे सुधारणा करून ती वाढवावी लागली. उलट २०१६ च्या 'डूम'मध्ये जखमी शत्रूला जवळ जाऊन संपवले की आरोग्य मिळते, ही जुन्या गेममध्ये नसलेली पद्धत आणली गेली आणि तरीही ती चाहत्यांना आपली वाटली, कारण तिच्यामुळे खेळाडू आडोशाला लपून न बसता पुढेच सरकत राहतो. काहीही बदलू नये, असा हट्ट धरणारे चाहते आहेत. मी त्यांच्यातला नाही. आपल्या चमूने चालीच्या बाबतीत मूळ गेमचा स्वभाव ओळखला आहे आणि म्हणूनच बाकीच्या निर्णयांचे मला जास्त वाईट वाटते.

कारण या जातीच्या गेमचे मूळ केवळ चालीत नाही. १९९३ च्या डिसेंबरमध्ये 'डूम' आला तेव्हा चार संगणक एकमेकांना जोडून खेळण्याची सोय त्यात पहिल्या दिवसापासून होती, आणि त्याचे मॅप मूळ प्रोग्रामपासून वेगळ्या फायलींत ठेवलेले असल्यामुळे खेळाडूंनी थोड्याच काळात स्वतःचे मॅप बनवायला सुरुवात केली. 'काउंटर-स्ट्राइक' हा जगभर खेळला जाणारा गेम १९९९ मध्ये 'हाफ-लाइफ' या गेमचा मॉड (मूळ गेमवर आधारून केलेला बदललेला गेम) म्हणून जन्माला आला, आणि तो कोणत्याही कंपनीने नव्हे, तर हौशी खेळाडूंनी बनवला होता. 'क्वेक थ्री' या शूटरचा सोर्स कोड (मूळ प्रोग्रामचा मजकूर) २००५ मध्ये खुला करण्यात आला आणि त्यावर उभे राहिलेले मोफत गेम आजही साध्या संगणकावर चालतात. गेम विकत घेतल्यानंतर तो कोठे, कोणाबरोबर आणि कोणत्या मॅपवर खेळायचा हे खेळाडूने ठरवायचे, हा या सर्वांतील समान भाग आहे. आपल्या मालिकेचा पहिला भागही तसाच होता. मुळाकडे परत जाण्याची जाहिरात करायची आणि नेमका हा भाग वगळायचा, हे ग्राहक म्हणून मला मान्य नाही.

मराठवाड्यात हा गेम कसा रुजला, याची आपल्या कार्यालयाला कल्पना नसावी, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. परभणी, नांदेड, लातूर येथे घरोघरी ब्रॉडबँड येण्याच्या कितीतरी आधी आपला गेम पोहोचला, तो सायबर कॅफेंमधून. आमच्या स्टेशन रोडवरील कॅफेत इंटरनेट एकाच संगणकापुरते होते, पण सगळी यंत्रे नेटवर्क स्विचमधून एकमेकांना जोडलेली होती. ज्या यंत्रावर मालक तासांचा हिशेब ठेवी, त्याच यंत्रावर मागे सर्व्हर चालू असे आणि नवीन मुलगा आला की शेजारचा त्याच्या कीबोर्डवर वाकून टिंबांनी तोडलेल्या आकड्यांचा सर्व्हरचा पत्ता टाकून द्यायचा. उन्हाळ्यात भारनियमनाची वेळ आली की इन्व्हर्टरवर निम्मीच यंत्रे चालत. मग उरलेली मुले खुर्च्यांमागे उभी राहून मॅच बघत आणि लाल आर्मर (ठरावीक वेळाने पुन्हा मिळणारे चिलखत) पुन्हा यायला किती सेकंद उरले, ते मोठ्याने मोजत. आमच्यातल्या एकाने त्या काळात आपल्या एडिटरवर शनिवार बाजाराचा मॅप तयार केला होता. धान्याच्या पोत्यांच्या थप्प्या, मधला पार, मागच्या बोळातून वर जाणारा जिना, सगळे त्यात होते. तो पुढे पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागला, आणि प्रोग्रामिंगची गोडी त्या एडिटरनेच लावली, असे तो आजही सांगतो. असे मॅप बनवणारी मुले नांदेडला आणि जालन्यालाही होती.

ते मित्र आता पुण्यात, हैदराबादेत विखुरले आहेत. दिवाळीला गावी आले की आम्ही एखाद्याच्या घरी लॅपटॉप जोडून जुनाच भाग खेळतो. नव्या भागाची नोंदणी मी आणि माझ्या मित्रांनी केली, ती मुख्यतः येत्या दिवाळीसाठी. आता समोरासमोर बसलेल्या दोघांची मॅचसुद्धा सिंगापूरच्या सर्व्हरला जाऊन परत येणार असेल, तर नवा भाग आम्ही घ्यायचा कशाला?

सिंगापूरचा उल्लेख ओघात केलेला नाही. चाचणी आवृत्तीत मला मिळालेला सर्वांत जवळचा सर्व्हर तेथील होता आणि चांगल्या फायबर जोडणीवरही पिंग (संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) ९० मिलीसेकंदांच्या खाली क्वचितच उतरला. आपल्या ग्राहक सेवेकडून आलेल्या उत्तरात हा आकडा खेळण्यायोग्य मर्यादेत असल्याचे म्हटले आहे. पाळीपाळीने कोडी सोडवण्याच्या गेममध्ये तो असेलही. या गेममध्ये नाही. सर्वांना माहीत असलेल्या 'क्वेक थ्री'चे उदाहरण घेऊ. त्यात खेळाडू सेकंदाला ३२० युनिट (गेममधील अंतराचे माप) धावतो आणि त्याच्या शरीराची चौकट ३० युनिट रुंद असते. ९० मिलीसेकंदांत तो सुमारे २९ युनिट सरकतो. म्हणजे तो मला जेथे दिसतो आहे, तेथून सर्व्हरच्या लेखी जवळजवळ अंगभर बाजूला गेलेला असतो, आणि नेम बरोबर लावूनही गोळी वाया जाते. सर्व्हरने मागचा क्षण गृहीत धरून हिशेब जुळवला, तर मारणाऱ्याची अडचण सुटते, पण मग भिंतीआड पोहोचलेला खेळाडू आडोशामागे मरतो. दोन्ही प्रकारांत कोणाचा तरी खेळ बिघडतोच. लॅनवर हा प्रश्नच उद्भवत नाही आणि मुंबईतील सर्व्हरवर तो पुष्कळच कमी होतो. १९९६ च्या जूनमध्ये 'क्वेक' आला, तेव्हा मोडेमवरून खेळणाऱ्यांचे हाल होत होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये त्याच्या निर्मात्यांनी 'क्वेकवर्ल्ड' काढून खेळाडूच्या हालचालीचा अंदाज त्याच्याच संगणकावर बांधण्याची व्यवस्था केली. त्या काळच्या निर्मात्यांना दूरच्या आणि हळू जोडणीच्या ग्राहकाची इतकी काळजी होती.

शिवाय आमच्याकडे जोडणी सतत राहीलच, याची शाश्वती नाही. रस्त्याचे काम निघाले की केबल तुटते आणि वादळी पावसात वीज गेली की कोपऱ्यावरच्या पेटीतील बॅटरी संपेपर्यंतच इंटरनेट चालते. २०२३ मध्ये ऑक्टोबरच्या शेवटी आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला बीड व जालना जिल्ह्यांत आंदोलनाच्या काळात प्रशासनाने इंटरनेट सेवाच बंद ठेवली होती. अशा वेळी माणूस घरीच असतो आणि संगणक सुरू असतो. पूर्ण किंमत देऊन घेतलेला गेम त्या वेळी बॉटविरुद्धही चालू नये, याला कोणतेही तांत्रिक कारण नाही. बॉट माझ्याच संगणकावर चालतात. चाचणी आवृत्तीत प्रोसेसरवर पडणाऱ्या भारावरून ते स्पष्ट दिसते.

आपल्या खुलाशात फसवेगिरी रोखण्यासाठी सर्व सर्व्हर कंपनीच्या ताब्यात असणे आवश्यक आहे, असे कारण दिले आहे. रँकच्या (क्रमवारी ठरवणाऱ्या) मॅचपुरते ते मला पटते आणि त्या मॅच आपल्याच सर्व्हरवर व्हाव्यात. पण एका खोलीत बसलेले मित्र एकमेकांना फसवतील, या भीतीने लॅन काढून टाकणे तर्काला धरून नाही. स्वतंत्र सर्व्हरवर मालकाचे लक्ष असते आणि फसवणारा सापडला की तो त्याला तेथल्या तेथे बाहेर काढतो. ही पद्धत या गेममध्ये अनेक वर्षे व्यवस्थित चालत आली आहे. २०२० च्या मे महिन्यात 'डूम इटर्नल'मध्ये फसवेगिरी रोखणारी प्रणाली सर्वांवर लादण्यात आली आणि खेळाडूंच्या विरोधानंतर ती काढून घ्यावी लागली, हेही आपल्या लक्षात असेल. स्किन (पात्रांचे व शस्त्रांचे सजावटी रूप) आणि सीझन पास (जास्तीच्या सामग्रीचे सशुल्क पास) विकण्यावर माझा आक्षेप नाही, ज्याला घ्यायचे तो घेईल. मात्र त्या विक्रीसाठी प्रत्येक मॅच आपल्या दुकानाच्या दारातूनच गेली पाहिजे, असा हिशेब या निर्णयामागे असेल, तर तो आपण उघडपणे सांगावा.

आणखी एका गोष्टीची मला चिंता आहे. २०२३ च्या जानेवारीत 'अनरियल टूर्नामेंट'च्या जुन्या भागांची अधिकृत ऑनलाइन सेवा बंद झाली. तरीही १९९९ चा पहिला 'अनरियल टूर्नामेंट' आजही खेळला जातो, कारण त्याचे सर्व्हर चालवण्याचे साधन खेळाडूंच्या हातात होते. याउलट 'द क्रू' या शर्यतीच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाले आणि पैसे देऊन घेतलेल्या प्रती निरुपयोगी झाल्या. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार अशी वस्तू विकताना ग्राहकाला केवळ परवाना मिळतो आहे, हे स्पष्टपणे सांगावे लागते. इंटरनेटशिवाय कायम वापरता येईल अशी प्रत दिली तर हे बंधन लागू होत नाही. आपल्या नोंदणीच्या पानावर याबाबत एक ओळही नाही. आपले सर्व्हर ज्या दिवशी बंद होतील, त्या दिवशी माझ्या प्रतीचे काय होणार, याचे उत्तर मला लेखी हवे आहे.

या सोयी पुढे एखाद्या अपडेटमधून देण्याचा विचार करू, असे मोघम आश्वासन मला नको आहे. 'हेलो इन्फिनिट' या शूटर गेमच्या चाहत्यांनी एकाच टीव्हीवर दोघांनी मिळून मोहीम खेळण्याच्या सोयीची अशीच वाट पाहिली आणि २०२२ मध्ये ती सोय रद्द झाल्याचे जाहीर झाले. म्हणून माझी मागणी अशी आहे की, गेम प्रकाशित होईल त्याच दिवशी लॅनवरील मॅच, इंटरनेटशिवाय बॉटविरुद्धचा खेळ आणि स्वतंत्र सर्व्हरचा प्रोग्राम त्यात असावा. मॅप एडिटरला वेळ लागत असेल, तर त्याची निश्चित तारीख जाहीर करावी. मुंबईत सर्व्हर उभारणार की नाही, हे सांगावे. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी देणे आपल्याला शक्य नसेल, तर माझ्या नोंदणीची संपूर्ण रक्कम कोणतीही कपात न करता मूळ खात्यात परत करावी. दुकानातील क्रेडिटच्या स्वरूपात परतावा मी स्वीकारणार नाही. तसेच नोंदणीच्या पानावरील मजकूर तत्काळ दुरुस्त करावा, म्हणजे इतर ग्राहक वस्तुस्थिती पाहून निर्णय घेऊ शकतील.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(२८) नुसार वस्तूचे खोटे वर्णन करणारी किंवा महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर लपवणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार या तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि ती मिळाल्यापासून एका महिन्यात तिचे निवारण करणे आपल्यावर बंधनकारक आहे. त्या मुदतीत समाधानकारक उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि राहत्या ठिकाणी दाद मागण्याच्या अधिकारानुसार परभणी जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करीन. माझ्याबरोबर नोंदणी केलेले मित्र आपापल्या पावत्यांसह स्वतंत्र पत्रे पाठवत आहेत.

कळावे,

आपला,
नोंदणीधारक ग्राहक,
परभणी

सोबत : आगाऊ नोंदणीची पावती, नोंदणीच्या पानाचे छायाचित्र, चाचणी आवृत्तीतील पिंगच्या नोंदी आणि ग्राहक सेवेकडून आलेल्या उत्तराची प्रत.