फोन परस्पर काय ठरवतो

कोल्हापूर

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

सॅमसंगचा गॅलेक्सी एस२४ अल्ट्रा घेतलास ते कळलं. जानेवारी २०२४ मध्ये आला तेव्हा २५६ जीबीचा फोन १,२९,९९९ रुपयांना होता, तुला बराच स्वस्त पडला असेल. माझ्याही हातात रोज हाच असतो, म्हणून जोतिबाच्या यात्रेला यायच्या आधी काही गोष्टी लिहून पाठवते. फोनवर सांगितलं की तू ‘हो हो’ म्हणतोस आणि तिथंच विषय संपतो.

हा कॅमेरा तुला न विचारता बरंच काही ठरवतो. त्यातलं निम्मं बरोबर असतं. उरलेलं कुठं चुकतं ते माहीत असलं की फोन आपला होतो.

आधी लेन्सचं बघ. मागं चार कॅमेरे आहेत. मुख्य २०० मेगापिक्सेलचा, त्याचं छिद्र एफ १.७ (एफचा आकडा मोठा, तेवढं छिद्र लहान). अल्ट्रावाइड १२ मेगापिक्सेल, एफ २.२. तीन पट झूमचा १० मेगापिक्सेल, एफ २.४. पाच पट झूमचा ५० मेगापिक्सेल, एफ ३.४. स्क्रीनवर ‘५’ दाबलं म्हणजे पाच पटीची लेन्स चालू झाली असं तुला वाटेल. उजेड भरपूर असेल आणि समोरची वस्तू लांब असेल तर तसंच होतं. उजेड कमी पडला किंवा वस्तू फार जवळ असली की फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्यावर जातो आणि त्याचाच मधला तुकडा कापून मोठा करून दाखवतो. स्क्रीनवर आकडा मात्र ‘५’च राहतो.

हे पकडायला सोपं आहे. झूम लावून एकेका लेन्सवर बोट ठेव. ज्या लेन्सवर बोट ठेवल्यावर चित्र काळं होतं, तीच चालू. फोटो काढून झाला असेल तर गॅलरीत तो वर सरकव, खाली माहिती येते. प्रत्येक लेन्सचं छिद्र ठरलेलं आहे, ते बदलत नाही. तेव्हा पाच पटीच्या फोटोखाली एफ ३.४ दिसलं तर खरी टेलिफोटो म्हणजे लांबची लेन्स, एफ १.७ दिसलं तर कापलेला तुकडा.

गॅलेक्सी स्टोअरमधून ‘कॅमेरा असिस्टंट’ नावाचं अॅप उतरवून घे. त्यात आपोआप लेन्स बदलणं बंद करता येतं. पण कायमचं बंद ठेवू नकोस. रात्री रंकाळ्यावर फोन मुख्य कॅमेऱ्यावर जातो ते बरोबरच करतो, कारण टेलिफोटोचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, लहान आणि छिद्रही बारीक, त्यात अंधारात नुसता दाणा म्हणजे ठिपक्यांची खरखर येते. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवरून दुपारी फुटबॉल काढतोयस, तेव्हा बंद कर आणि पाच पटीवरच राहा. माणसाचा चेहरा काढताना तीन पट लाव आणि दोन पावलं मागं जा. मुख्य कॅमेरा साधारण २४ मिलिमीटरच्या लेन्ससारखा, म्हणजे बराच रुंद बघतो. त्यानं चेहऱ्याला जवळून भिडलास की नाक मोठं आणि कान मागं गेलेले येतात. आजीचा फोटो असा काढून तिला दाखवशील तर पुन्हा कॅमेऱ्यासमोर बसायची नाही.

मुख्य कॅमेऱ्याची आणखी एक खोड. सेन्सर मोठा असल्यामुळं जवळच्या वस्तूत फोकसची पट्टी अरुंद पडते. सातबाराचा उतारा किंवा वहीचं पान अगदी जवळून काढलंस तर मधली अक्षरं स्पष्ट येतात आणि कोपऱ्यातली फिसकटतात. लेन्स खराब नाही. फोन वर उचल, दोन पटीवर लाव, मग काढ. दोन पट म्हणजे त्याच २०० मेगापिक्सेलच्या सेन्सरचा मधला भाग, त्यामुळं तपशील जात नाही.

२०० मेगापिक्सेलचं कौतुक मित्रांना सांगायला ठीक. रोज फोटो निघतो तो १२ मेगापिक्सेलचाच. शेजारशेजारचे सोळा पिक्सेल मिळून एक पिक्सेल होतो, त्यामुळं प्रत्येकाच्या वाट्याला उजेड जास्त येतो. हा निर्णय फोनचाच राहू दे. १२ मेगापिक्सेल म्हणजे ४००० गुणिले ३००० ठिपके, ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके) छापलं तरी साधारण १३ बाय १० इंचांची स्वच्छ प्रिंट मिळते. भिंतीवर याहून मोठा फोटो आपल्या घरात कुठला लागणार? पूर्ण २०० मध्ये एकेक फाइल जड होते, अंधारात दाणा येतो, आणि या फोनला मेमरी कार्ड घालायची सोय नाही. पन्हाळ्यावरून खालची शेतं काढायची असतील, ऊन स्वच्छ असेल, तेव्हा एखादा काढ. नाहीतर मधला ५० चा पर्याय पुरे.

आता हललेले फोटो. ‘एवढा महागडा फोन आणि फोटो हलतोच कसा,’ असं सगळेच विचारतात. फोटो हलतो त्याला किंमत जबाबदार नसते, शटर किती वेळ उघडं राहिलं ते असतं. ऑटो मोडमध्ये कुठलाही फोन दाणा टाळायला शटर सावकाश ठेवतो. घरात ट्यूबच्या उजेडात ते १/३० ते १/६० सेकंदाच्या आसपास जातं. लेन्समधलं स्थिरीकरण तुझ्या हाताची थरथर सावरतं, पण समोरचा पैलवान डाव टाकतोय त्याला ते काही करू शकत नाही. चालणाऱ्या माणसाला निदान १/१२५ पाहिजे, कुस्तीला आणि फुटबॉलला १/५०० ते १/१०००. ‘प्रो’ मोडमध्ये जा, शटर १/५०० वर ठेव, आयएसओ (उजेड किती वाढवून घ्यायचा तो आकडा) ऑटोवर सोड. उन्हात एवढंच पुरतं. तालमीतल्या अर्ध्या उजेडात आयएसओ वर चढेल आणि फोटो खरखरीत येईल. येऊ दे. खरखरीत फोटो बघवतो, पुसट झालेला पैलवान बघवत नाही. प्रो मोड नको असेल तर शटरचं बटण खाली ओढून धर, एकापाठोपाठ फोटो निघत राहतात, त्यातला एक बरा सापडतो. बाकीचे त्याच दिवशी काढून टाक.

खासबागेच्या कुस्ती मैदानात दिव्यांखाली किंवा लग्नाच्या हॉलमध्ये व्हिडिओवर आडवे काळे पट्टे सरकताना दिसतील. फोन बिघडलाय म्हणून दुकानात नेऊ नकोस. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. शटरचा वेळ त्या ठेक्यात बसला नाही की पट्टे पडतात. ‘प्रो व्हिडिओ’त शटर १/५० किंवा १/१०० वर पक्कं कर, बहुतेक वेळा पट्टे जातात. काही स्वस्त एलईडींचा ठेका वेगळाच असतो, तिथं शटर थोडं मागंपुढं करून बघायचं. त्या उजेडात कुस्तीचा फोटो १/५०० वर काढलास तरीही पट्टा येऊ शकतो. तिथं दोन्हीपैकी एक निवडावं लागतं. मी पट्टा पत्करीन.

उजेड किती घ्यायचा हेही फोनच ठरवतो, आणि इथं तो भाबडा आहे. फ्रेममध्ये जे काही असेल ते सरासरी करड्या रंगाचं असणार, असं धरूनच त्याचा उजेड मोजणारा मीटर चालतो. म्हणून पांढरा रस्सा मळकट दिसतो आणि पन्हाळ्याचं धुकं सिमेंटच्या रंगाचं येतं. वाटीवर बोट टेकव, बाजूला सूर्याचं चिन्ह येईल, ते वर सरकव. पांढऱ्याला +०.५ ते +०.७ पुरतं. तांबड्या रश्श्याचं उलट. लाल रंग सगळ्यांत आधी भरून वाहतो आणि तर्रीचा नुसता सपाट लाल डाग उरतो, मटणाचा तुकडा कुठला आणि तेल कुठलं कळत नाही. तिथं –०.३ ते –०.५ कर. दोन्ही वाट्या एका ताटात असतील तर पांढऱ्याप्रमाणं उजेड धरू नकोस. तांबडा जपायचा, पांढरा नंतर एडिटमध्ये उजळता येतो, पण फाटलेला लाल परत मिळत नाही. ताट खिडकीशी ठेव, उजेड बाजूनं येऊ दे, वरची ट्यूब बंद. आणि वाफेच्या थेट वर फोन धरू नकोस, लेन्सवर दव धरतं आणि तुला वाटतं फोकस गेला.

रंकाळ्याच्या संध्याकाळीही हेच. शालिनी पॅलेसची काळी आकृती हवी असते, फोन मात्र एचडीआर (उजळ आणि काळोखे भाग सारखे करायची सोय) लावून तिच्या भिंतीसुद्धा उजळतो आणि आभाळ फिकं पाडतो. आभाळावर बोट दाबून धर, फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद होतात, मग उजेड –१ पर्यंत खाली आण.

चंद्राचं तर फोन सरळ चित्रच सुधारून देतो. २०२३ मध्ये यावर जगभर चर्चा झाली, तेव्हा कंपनीनंच खुलासा केला की २५ पटीच्या पुढं चंद्र ओळखला की त्याचे तपशील ठळक केले जातात. कोजागिरीचा फोटो छान येईल, तो किती तुझा हे तू ठरव.

जोतिबाच्या डोंगरावर दोन गोष्टींकडं लक्ष ठेवायचं, फोटोतला रंग आणि फोनवर बसणारा गुलाल. सगळीकडं गुलाबी दिसलं की ऑटो व्हाइट बॅलन्सला (उजेडाचा रंग सावरणारी सोय) वाटतं उजेडच गुलाबी आहे. मग तो ते मारायला हिरवं मिसळतो. गुलाल विटका होतो, माणसांचे चेहरे आजारी दिसतात, सासनकाठीची रंगीत वस्त्रंही मरगळतात. प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स ५२०० ते ५५०० केल्विनवर ठेवून दे, दिवसभर हात लावू नकोस. सावलीत फोटो जरा निळसर येतील, ते नंतर नीट करता येतं.

फोन आयपी६८ आहे. त्यातला ६ धुळीचा, ८ पाण्याचा: दीड मीटर खोल गोड्या पाण्यात ३० मिनिटं. म्हणजे गुलाल आत जाणार नाही, पण चार्जिंगच्या भोकात आणि स्पीकरच्या जाळीत बसणार. घामाच्या किंवा ओल्या हातांनी त्याचा लगदा होतो आणि मग केबल नीट बसत नाही, आवाज दबतो. त्यात टाचणी घालू नकोस, आतल्या पिना वाकतात. मऊ कोरडा ब्रश, तोंड खाली करून. लेन्सवर गुलाल असताना शर्टानं खसकन पुसू नकोस. आधी फुंकर किंवा ब्रश, मग किंचित ओलसर सुती फडकं. पंचगंगेत फोन बुडवून दाखवायचा आगाऊपणा करायचा नाही. सील जुनं होतं, फोन एकदा पडला की सैल होतं, आणि पाण्यानं झालेलं नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही.

राजारामपुरीत दुकानदार तुला दोन गोष्टी गळ्यात मारायला बघेल. लेन्सवर चिकटवायच्या काचा घेऊ नकोस. रात्री फोटोत दिव्यांभोवती जी भुतं, म्हणजे उजेडाचे खोटे डाग, दिसतात ती बहुतेक वेळा त्या काचेची नाहीतर बोटाच्या तेलाची असतात. दुसरं स्क्रीन गार्ड. या फोनची काच मुळातच प्रतिबिंब कमी करणारी आहे, कंपनीच्या म्हणण्याप्रमाणं ७५ टक्क्यांपर्यंत. वर साधा गार्ड बसवला की तो गुण गेला, आणि जाड टेम्पर्ड काचेखाली बोटाचा ठसाही नीट लागत नाही. तुझ्या हातून वस्तू पडतात हे माहीत आहे, म्हणून लावायचाच तर पातळ लाव, ठसा त्यानंतर नव्यानं नोंदव. कव्हर मात्र चांगलं घे, कडा उंच असलेलं.

बॅटरी ५००० एमएएच आहे, दिवस निघतो. सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय आहे, ऑफिसच्या दिवसांत ती चालू ठेव, यात्रेच्या आदल्या रात्री बंद कर. उन्हात ४के व्हिडिओ काढताना पॉवर बँक लावू नकोस. दोन्हीची उष्णता एकत्र आली की फोन आधी स्क्रीन मंद करतो, मग रेकॉर्डिंग बंद पाडतो.

घरच्या ग्रुपवर फोटो नुसता टाकलास तर व्हॉट्सअॅप तो दाबून साधारण दोन मेगापिक्सेलचा करतं. ‘एचडी’ निवड. छापायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठव. फक्त डॉक्युमेंटबरोबर फोटो कुठं काढला ते ठिकाणही जातं, परक्या माणसाला पाठवताना काढून टाक. आणि ‘हाय एफिशियन्सी’ फोटो (कमी जागा घेणारा फाइलचा प्रकार) बंद ठेव. महाद्वार रोडला प्रिंटला दिलास तर त्यांच्या संगणकावर ती फाइल उघडेलच असं नाही, जेपीईजी सगळीकडं चालते.

बॉक्समध्ये नुसती केबल असते. ४५ वॉटचा पीपीएस (जलद चार्जिंगची पद्धत) चालणारा चार्जर पुण्यातच घेऊन ये, माझा मी देणार नाही. आणि बाबांसाठी तो मऊ ब्रश दोन नग आण.

तुझी,
आई