सूचना : गच्चीवरच्या बागेची पाळी

सर्व सभासदांना नमस्कार. ऊन वाढलंय, तेव्हा पाणी सकाळी ८च्या आत घालावं. पाळी जमणार नसेल तर आदल्या रात्रीच ग्रुपवर कळवा, कुणीतरी नक्की जाईल. न सांगता राहिलं की कुंडीतली रोपं दुपारपर्यंत माना टाकतात.

खताच्या ड्रमकडे सगळ्यांनीच लक्ष द्या. ओला कचरा टाकला की वर दोन मुठी सुका पालापाचोळा पसरायचाच. नाहीतर पाणी सुटतं, वास येतो, चिलटं होतात आणि वरच्या मजल्यावरच्यांना त्रास होतो. शिजलेलं, तेलकट अन्न नको.

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड) दिसतोय. १ लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल, थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारा. या आठवड्याच्या पाळीवाल्यांनी हे आधी करावं. भाजी वाटणी नेहमीप्रमाणे रविवारी.