डिशवॉशरला नावं ठेवायच्या आधी पाणी तपासा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एका वाचकांचं पत्र आलं होतं की डिशवॉशर आपल्या कोल्हापुरी भांड्यांसाठी नाहीच, तांबड्या रश्श्याचं पातेलं आत घालायचं आणि तेलकट, पांढुरकं होऊन बाहेर काढायचं, मग परत घासणी घेऊन ओट्याशी उभं राहायचं. वाचून फार वाईट वाटलं कारण दोन वर्षांपूर्वी मी पण हेच म्हणत होते, मशीन विकायलाच काढणार होतो आम्ही. आज घरात सात माणसं, रविवारी मटण, दोन्ही रस्से, मधेच कधी मिसळ, आणि भांडी त्याच मशीनमधे चकचकीत निघतात. बदललं ते फक्त पाण्याचं सेटिंग आणि आमची पद्धत, म्हणून हे पत्र लिहितेय.

आम्ही फुलेवाडीकडं राहतो. नळाचं पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला, वापरायला बोअर. मशीन बसवायला आलेल्या पोरानं वापरायच्या टाकीची लाईन जोडली, एक प्रोग्रॅम लावून दाखवला आणि गेला. मिठाबद्दल एवढंच बोलला की संपलं की लाईट लागतो. पाणी कसलं आहे हे त्यानं विचारलं नाही आणि आम्हाला पण ते सांगायचं असतं हे माहीत नव्हतं. महिनाभरात काचेचे ग्लास दुधाळ झाले, ताटांवर पांढरे ठिपके, वाट्या हाताला खरखरीत. आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई, रोज संध्याकाळी सगळी भांडी परत विसळत बसायच्या, आणि मशीन घेतलं होतं ते त्यांच्याच मनगटाच्या दुखण्यापायी.

खरी गोष्ट अशी आहे की ते मीठ भांडी घासतच नाही. मशीनच्या पोटात पाणी मऊ करायचा एक भाग असतो, त्यात बारीक मण्यांसारखं रेझिन असतं, ते जड, म्हणजे कठीण पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. मणी भरले की मिठाच्या पाण्यानं धुऊन परत मोकळे करावे लागतात, मीठ त्यासाठी. पण मशीनला आपलं पाणी किती जड आहे ते आपण सेटिंगमधे सांगावं लागतं, नुसतं मीठ भरून भागत नाही. आमचं सेटिंग अगदी खालच्या आकड्यावर होतं. पाणी तपासायच्या पट्ट्या मागवल्या, बोअरच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास निघाला. मशीनच्या पुस्तकात आकडे जर्मन डिग्रीत होते, म्हणजे कठीणपणा मोजायच्या दुसऱ्या मापात, तिथं 17.8 नं भागायचं, म्हणजे आमचं झालं जवळपास 20. सेटिंग तेवढं वर नेलं, मिठाचा कप्पा भरला, आणि चारपाच दिवसात फरक दिसला.

मीठ डिशवॉशरचंच जाड मीठ घ्या, घरातलं आयोडीनवालं बारीक मीठ नको, त्यात ढेकळं होऊ नयेत म्हणून जे घालतात ते रेझिनला चालत नाही. आणि मीठ भरलं की लगेच मशीन लावा, सांडलेलं मीठ तसंच राहिलं तर आतल्या स्टीलला गंज धरतो.

ग्लास आधीच पांढरे झाले असतील तर एक ग्लास व्हिनेगरमधे थोडा वेळ बुडवून बघा. पांढरं निघालं तर तो क्षार, म्हणजे सेटिंग वाढवायला पाहिजे. नाही निघालं तर काचच झिजलीय, ती परत येत नाही, आणि हे उलट पाणी फार मऊ किंवा पावडर जास्त झाल्यानं होतं. म्हणून नळाच्या पाण्यावर मशीन असणाऱ्यांनी माझा आकडा बघून सेटिंग वाढवू नका, आपलं पाणी तपासा.

आता रश्श्याचं. आपल्याकडं सगळ्यात मोठी चूक म्हणजे भांडी आधी गार पाण्यात विसळून घालणं, मी पण करत होते. मटणाची चरबी गार पाण्यात गोठते आणि पातेल्याला जास्तच चिकटते. शिवाय ज्या मशीनला ऑटो प्रोग्रॅम असतो ते पाण्याचा गढूळपणा बघून ठरवतं किती वेळ धुवायचं, भांडी अर्धवट धुतलेली दिसली की ते लवकर आवरतं, आणि कडेचा कट तसाच राहतो. खरकटं, हाडं, कढीपत्ता, लिंबाच्या फोडी ताटातून काढून टाका, बास. करपलेलं दूध किंवा वाळलेला भात असेल तरच थोडं भिजवा. पावडरमधे भाताचा स्टार्च आणि डाळ-मटणाचं प्रोटीन तोडणारी एन्झाईम असतात, त्यांना कोमट ते गरम पाणी आणि वेळ लागतो, म्हणून तेलकट भांड्यांना तीस मिनिटांचा क्विक प्रोग्रॅम लावून काही होत नाही, 65-70 डिग्रीचा मोठा प्रोग्रॅमच लावायचा. पावडर तिच्या झाकणाच्या कप्प्यातच घाला, नुसती आत टाकली तर पहिल्याच पाण्याबरोबर वाहून जाते. आणि भांडी घासायचं लिक्विड कधीच नको, फेस बाहेर येतो.

पातेली, कढया खालच्या जाळीत पालथ्या, तोंड पाण्याच्या फवाऱ्याकडं. वाटीत वाटी बसू देऊ नका. मशीन लावायच्या आधी पाणी फवारणारा फिरता पंखा हातानं एकदा फिरवून बघायचा, आमच्याकडं एकदा डावाचा दांडा खाली लोंबकळला होता, पंखा अडकला आणि वरची सगळी भांडी तशीच घाण निघाली. गाळणी आठवड्याला काढून धुवायची, पंख्याच्या भोकात लिंबाची बी अडकली तर टूथपिकनं काढायची.

ॲल्युमिनियमची भांडी काळी पडतात, बिडाचा तवा गंजतो, पितळ-तांब्याची चमक जाते, लाकडी उलथनं तडकतं, ही सगळी हातानंच घासायची. प्लॅस्टिकच्या डब्यावरची हळद मशीननं जात नाही, डबा दिवसभर उन्हात ठेवला की पिवळेपणा बराच उतरतो.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी एक. टाकी मशीनच्या दहा मीटर वर असेल तेव्हा साधारण एक बार प्रेशर मिळतं, म्हणजे टाकी फक्त तीन मीटरवर असेल तर 0.3 बारच. मशीनला किमान किती लागतं ते पुस्तकात लिहिलेलं असतं, घ्यायच्या आधीच बघा, नाहीतर मशीन पाण्याची वाट बघतच बंद पडतं.

आणि शेवटी ज्यासाठी तुम्हाला लिहिलं ते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत ठीक आणि दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालतो, म्हणजे पाणी प्यायला पास झालं तरी डिशवॉशर, गिझर, वॉशिंग मशीन सगळ्यांवर क्षार धरू शकतो. आपल्या शहरात कुणाकडं नदीचं, कुणाकडं धरणाच्या पाईपलाईनचं, कुणाकडं बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी. तर महापालिकेकडून भागाभागातल्या नळाच्या पाण्याच्या कठीणपणाचे आकडे घेऊन, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात, आपल्या पेपरात छापता येतील का? बोअरवाल्यांना पाणी कुठं तपासून मिळतं तेही त्याच पानावर द्या. आणि मशीन विकणाऱ्या दुकानदारांना माझी हात जोडून विनंती आहे, बसवायला माणूस पाठवताना त्याच्या पिशवीत पाणी तपासायची एक पट्टी ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे आणि गिऱ्हाईकाच्या घरातल्या बाईचा रोजचा एक तास वाचतो.

आपली वाचक,
एक गृहिणी, फुलेवाडी, कोल्हापूर